म्हाताऱ्याचं पिस्तूल

घरातल्या अल्तारावरून मरियामाईला कोपऱ्यात सरकवून तिच्या जागी तुझा वादविवादाचा कप ठेवलाय, हे मी निघायच्या सकाळी पाहिलं. मेणबत्तीसुद्धा कपासमोर. ममीने ठेवला की बापाने, मला माहीत नाही, पण तुम्हा तिघांपैकी एकालाही ते खुपलं नाही. शहात्तर वर्षांत असलं घर मी पाहिलं नव्हतं. तेही पाहून झालं.

असो. प्रिय जेनेल,

मी फुजैराला मार्गारेट आत्याकडे नीट पोचले. तुझ्या बापाने, टोनीने, सगळ्यांना सांगितलंय म्हणे की आईला तिकडची समुद्राची हवा मानवते. हवा कसली, समोर तेलाच्या टाक्या आहेत आणि दिवसभर नाकात डिझेल. मी रागाने निघाले, हे तुम्हा तिघांना माहीत आहे. आत्या म्हणाली, आई, व्हॉइस मेसेज पाठव. मी नाही म्हटलं. आवाज मध्येच बंद करता येतो, आणि तुमच्या त्या ग्रुपवर जायला त्याला दोन मिनिटं लागत नाहीत. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि तू देवनागरी वाचतेस ती हिंदीच्या पेपरापुरती, माझं अक्षर तुला लागायचं नाही. म्हणून हे पत्र टोनीने तुला वाचून दाखवायचं. मार्गारेटचा नवरा विन्स्टन बुधवारी दुबईला मीटिंगला येतोय, तो ते टोनीच्या हातात देईल. टोनी, तुझ्याबद्दल काही आलं तरी गाळू नकोस. लहानपणी मी चुलीशी असले की तू माहेरची पत्रं मला वाचून दाखवायचास आणि ओळी गाळायचास. मला तेव्हाही कळायचं.

एकतीस डिसेंबरपासून सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं आणि तुमच्या घरात त्या दिवसाचं नाव कुणी काढत नाही. वसईला आपल्यात वर्ष संपताना म्हातारा जाळतात. जुन्या कपड्यांत पेंढा भरून माणूस करायचा, तो म्हणजे सरतं वर्ष. दुबईत बिल्डिंगखाली काडी ओढायची सोय नाही, म्हणून तुम्ही मुलांनी पार्किंगमध्ये म्हातारा केला आणि जाळायला उम्म अल कुवैनला कुणाच्या तरी शेतघरावर नेणार होतात. टोनीची जुनी पँट, खोक्यातला भुसा, डोकं मी उशीच्या अभ्र्याचं शिवून दिलं. तू त्याला काळी हॅट घातलीस आणि हातात पिस्तूल दिलंस, प्लॅस्टिकचं, निळ्या घोड्याचं, दहा दिरहॅमचं, म्हणजे आपले अडीचशे रुपये, जाळायच्या वस्तूला. मी बडबडले. तू म्हणालीस, आजी, वर्ष वाईट गेलं, म्हणून हा व्हिलन.

तेव्हा पार्किंगच्या फाटकावर ओकेलो होता. तुमचा युगांडाचा वॉचमन, आता त्याच्याबद्दल जो तो बोलतो म्हणून मीही खरं ते सांगते. तो काही संत नव्हता. दुपारी खुर्चीत झोपायचा. पिशव्या दिसत असल्या तरी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. पण चर्चला माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि मी जिना उतरताना हात न देता एक पायरी पुढे चालायचा, मी पडले तर त्याच्यावर पडावं म्हणून. आणि मी काय करायचे तेही ऐक. पहिले दोन महिने लिफ्टमध्ये तो एकटा असला की मी बांगड्यांचा हात पदराखाली घ्यायचे. त्याने ते पाहिलं होतं. तो पॅनेलकडे तोंड करून उभा राहायचा. तर त्या दिवशी तो म्हाताऱ्याला बघून पोट धरून हसला. मी हॅट काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, पिस्तूल त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, धर, बघू दोघांत जास्त भीती कुणाची वाटते. हे मी म्हटलं. त्याने डोळे वटारून पिस्तूल रोखलं, तू फोटो काढलास, आणि सगळे हसलो. मग पिस्तूल परत म्हाताऱ्याच्या मुठीत.

फेब्रुवारीत तुमचा वादविवाद आला. विषय तू मला स्वयंपाकघरात समजावलास, मी सुके बोंबील साफ करत होते. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत काळी पोरं एकमेकांना गोळ्या का घालतात, आणि त्याला जबाबदार कोण. तुझ्या बाजूला पाच मुद्दे आले होते. बाप घरात नसतात. गाणी तसली. शिस्त नाही. शाळा सोडतात. देवाधर्माचा धाक नाही. मी विचारलं, त्यांच्या हातात बंदूक देतो कोण? तू म्हणालीस, आजी, तो समोरच्या टीमचा मुद्दा आहे. मी पुन्हा बोंबलांकडे वळले. तेव्हाच बोंबलांची पाटी खाली ठेवून तुझा कान धरायला हवा होता.

हॉलमध्ये मी दुसऱ्या रांगेत बसले होते. आधी तुझं नाव पुकारलं. तू पडद्यावर फोटो लावलास. काळी हॅट, वटारलेले डोळे, रोखलेलं पिस्तूल. मागची पार्किंग कापलेली, बाजूचा म्हातारा कापलेला, माझा हात कापलेला. मग इंग्रजीत विचारलंस, रस्त्यात हा समोर आला तर तुम्ही काय कराल? पुढच्या रांगेतल्या बाईने पर्स मांडीवर ओढली. जेनेल, एक क्षण मीही घाबरले. ज्याच्या हातात ते खेळणं मी स्वतः दिलं, त्याला मी ओळखलं नाही. पिस्तुलाचा निळा घोडा दिसला तेव्हा ओळखलं. नंतर समोरच्या टीमची ती इनाया बोलली, बारीकशी, चष्म्यातली. बंद पडलेले कारखाने, कर्ज न मिळणाऱ्या गल्ल्या, औषधापेक्षा सोपी मिळणारी बंदूक, आणि ज्याच्या घरात एकदा गोळी आली तो दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने झोपत नाही, असं काहीसं. तुझ्या ममीने मला कानात सांगितलं तेवढं कळलं. पण लोक अजून तुझा फोटोच बघत होते. कप तुला मिळाला. घरी येताना मी गाडीत म्हटलं, तो ओकेलो होता. तू खिडकीकडे बघत म्हणालीस, “इट वॉज जस्ट अ‍ॅन एक्झाम्पल, आजी.”

कुणाच्या तरी आईने तुझ्या भाषणाचा व्हिडिओ काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, कौतुकाने. चौथ्या मजल्यावरच्या शोभनाने विचारलं, हा आपलाच वॉचमन ना, हा हत्यार बाळगतो का? आपली मराठी बाई. तिच्या पोराला तो रोज स्कूलबसमध्ये चढवायचा. त्याखाली बाकीच्यांनी लिहिलं की त्याची नजर आधीपासूनच बरी वाटत नव्हती. दुसऱ्या दिवशी फाटकावर नेपाळी मुलगा होता. ओकेलोला त्याच्या सिक्युरिटी कंपनीने उम्म अल कुवैनला कामगारांच्या खोल्यांत नेऊन बसवलंय, चौकशी होईपर्यंत. ड्यूटी नाही, पगार नाही. या महिनाअखेर चौकशी मिटली नाही तर व्हिसा रद्द, घरी परत.

शनिवारी कंपनीचा सुपरवायझर फाईल घेऊन तुमच्या दारात आला, ते तुला माहीत आहे, तू तुझ्या खोलीत होतीस आणि दार फटीएवढं उघडं होतं. केरळचा माणूस, सभ्य. हिंदीत त्याने एवढंच विचारलं की हा फोटो कुणी काढला, कधी, आणि हातात काय आहे. ज्याने काढला त्याने दोन ओळी लिहून दिल्या की प्रकरण मिटेल. टोनी म्हणाला, “हमको कुछ मालूम नहीं. हमने कुछ देखा नहीं.” आणि दार लावलं. मी बोंबलून सांगितलं की मीच दिलं पिस्तूल. त्याने मला हळू बोलायला सांगितलं, शेजारी ऐकतील म्हणून. मी सोमवारी एकटी खाली गेले, सुपरवायझरला गाठलं, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, अम्मा, तुम्ही व्हिजिट व्हिसावर आहात, फोटो तुम्ही काढला नाही, ज्याने काढला त्याचं लेखी हवं.

तुझ्या बापाची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. या देशात न विचारता कुणाचा फोटो दाखवला तर केस होते, मला विन्स्टनने समजावलं. नोकरी, तुझी शाळा, व्हिसा, एका तक्रारीने सगळं खलास होऊ शकतं. ती भीती मला चांगली ठाऊक आहे. टोनीला ती कुणी शिकवली हेही ठाऊक आहे. टोनी, इथे थांबू नकोस. पाणी पी आणि पुढचं वाच.

जेनेल, तुझा जोकिम काका मोटरसायकलच्या अपघातात गेला असं तुला सांगितलंय. त्याच्याकडे मोटरसायकल नव्हती. एकोणनव्वद साल, तो एकोणीसचा, वर्कशॉपमध्ये फिटरचं काम शिकत होता. बाप घरात, रोज रात्री बापाच्या ताटाशेजारी ताट. रविवारी चर्चला गायचा. शाळा पुरी केलेली. तुझ्या पाच मुद्द्यांतला एकही आमच्या घरात नव्हता. त्या दिवसांत आमच्याकडे जमिनी विकत घेणाऱ्यांची माणसं कमरेला पिस्तूल लावून वाड्यांतून फिरत. पिस्तुलं आमच्या पोरांनी केली नव्हती, ती मुंबईहून यायची, पैसेवाल्यांच्या गाड्यांतून. विल्फी नावाच्या शेजारच्या पोराचं त्यांच्याशी बिनसलं होतं. जोकिमने त्याला सायकलवर मागे बसवलं, पुढच्या दांडीवर टोनी, बारा वर्षांचा. गोळी विल्फीसाठी होती, लागली जोकिमला. टोनी बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, चिखलात पडला आणि तिथून त्याने मारणाऱ्याचं तोंड पाहिलं. ओळखीचं तोंड होतं. पेपरात आलं, दोन टोळ्यांच्या पोरांत मारामारी, एक ठार. वसईचं पोरगं म्हटल्यावर कुणी दुसरं काही विचारलंच नाही. मयताला गावातली निम्मी माणसं आली नाहीत. पुढे टोनी मुंबईत नोकरीला गेला तेव्हा पत्ता वांद्र्याचा सांगायचा.

पोलीस घरी आला तेव्हा टोनीने तोंड उघडलं होतं. मी त्याच्या थोबाडीत मारली आणि शिपायाला म्हटलं, हा घरीच होता, याने काही पाहिलं नाही. जोकिम आजपर्यंत पेपरातला गुंडच राहिला, तो माझ्यामुळे. मला त्याचा पश्चात्ताप आहे का विचारशील, तर नाही. दोन पोरगे होते, एक गेला होता, दुसरा घेऊन मला जगायचं होतं, आणि दाराबाहेर खरं पिस्तूल होतं. पण शनिवारी टोनीच्या दारात पिस्तूल नव्हतं. फाईल घेतलेला एक माणूस होता. तरी माझ्या पोराच्या तोंडून माझंच वाक्य आलं, हिंदीत, आणि फटीतून ते तू ऐकत होतीस. बारा वर्षांच्या पोराला मी जे शिकवलं, ते तू सोळाव्या वर्षी शिकताना मी पाहिलं. एवढ्यासाठी हे पत्र.

तुझीच, अजून रागात असलेली,
आजी

टोनी, वाचून झालं की कागद तिच्या हातात दे आणि खोलीतून बाहेर जा. तू काही लिहायचं नाहीस, मार्गारेटला फोन करायचा नाहीस, मला समजवायला यायचं नाहीस. मलाही उत्तर नको. उत्तर जेनेल लिहील, कंपनीला, इंग्रजीत, फोटो मी काढला असं पहिल्या ओळीत आणि स्वतःचं पूर्ण नाव खाली, आणि ते रविवारच्या आत तीच नेऊन देईल.