खाडीच्या बाकावर बसवून ठेवलेल्या हलीमाबींबाबत

प्रति,
मा. सचिव तथा तक्रार निवारण अधिकारी,
वऱ्हाड निसर्ग सहल सहकारी संस्था मर्यादित,
अमरावती.

अर्जदार : सौ. नगमा नईम शेख, रा. नांदगाव पेठ, जि. अमरावती.

विषय : माझ्या आईस सागरी उद्यानात एकटीला सोडून गेल्याबद्दल सहल व्यवस्थापक श्री. ओमप्रकाश गावंडे यांना शिक्षा करण्याबाबत, परंतु त्यांना कामावरून न काढण्याबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज.
२) त्यावर आपले उत्तर, की सदर ज्येष्ठ महिला "स्वतःच्या इच्छेने मागे राहिल्या".
३) सदर महिलेचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्याबाबत आपले पत्र.

महोदय,

हा माझा दुसरा अर्ज आहे. पहिला रडत लिहिला होता, म्हणून त्यात बऱ्याच गोष्टी राहून गेल्या. हा शांतपणे लिहीत आहे, तरी तो पूर्ण वाचावा.

१. संस्थेच्या कोकण सहलीत मी, माझे पती नईम, मुलगी अफिफा आणि माझी आई हलीमाबी असे चौघे सामील झालो होतो. आई मोर्शीची. आयुष्य संत्र्याच्या बागांत तोडणीला जाण्यात गेले. समुद्र तिने पाहिलेला नव्हता. अफिफा शाळेतून समुद्राचे चित्र काढून आणी, तेव्हा ती विचारायची, "इत्ता पानी, तो उस पार का गाँव कैसा दिखता?" तिला तो समुद्र दाखवावा, एवढ्यासाठीच आम्ही नाव नोंदवले होते. देवदर्शन नको, किल्ले नकोत, एकदा समुद्र.

२. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आम्हाला खाडीकाठच्या उद्यानात नेले. तिथे कांदळवनातून जाणारी लाकडी निसर्गवाट आहे. खाली चिखल, त्यात खेकडे, दोन्ही बाजूंना झाडांची वर आलेली मुळे. वाट संपली की पलीकडे समुद्रकिनारा. अफिफाला पक्षी पाहायचे होते, म्हणून तिला घेऊन आम्ही दोघे पुढच्या घोळक्यात गेलो. आई मागच्या घोळक्यात श्री. गावंडे यांच्यासोबत होती. मी त्यांना सांगून गेले होते, की आई हळू चालते, तिला सोबत आणा. त्यांनी मान हलवली होती.

३. पुढे काय झाले ते आईच्या आणि मागच्या घोळक्यातल्या पियुष नावाच्या मुलाच्या तोंडून कळले. आई घरी उर्दू आणि बाजारात वऱ्हाडी बोलते. श्री. गावंडे तिला म्हणाले, "चाची, तुमी मागं राहून राहिल्या. सगळ्यायचा टाइम जाते. सूर्य बुडून जाईन." आई म्हणाली, "बावा, मी हळू चालतो, पण चालतो." त्यावर त्यांनी तिला वाटेतल्या एका बाकावर बसवले आणि म्हणाले, "इथंच बसा. आमी याच वाटेनं वापस येतो. हलू नका, नाहीतर चुकामूक होईन."

परतीची वाट ती नव्हती. किनाऱ्यावरून बाहेर पडायचे दुसरे फाटक आहे आणि सहलीच्या दोन्ही बस तिथेच उभ्या असतात, हे त्यांना माहीत होते. दरवर्षी तेच सहल नेतात.

४. किनाऱ्यावर मी त्यांना विचारले, "भाऊ, आई कुठाय?" ते म्हणाले, "त्यायचे पाय दुखून राहिले. मागच्या बसमध्ये बसल्या त्या, आराम करून राहिल्या. तुमी मजा करा." मी विश्वास ठेवला. महोदय, मी विश्वास ठेवून पाण्यात गेले. अफिफाने माझ्या अंगावर पाणी उडवले, मी हसले. श्री. गावंडे यांनी त्या वेळी आमचा फोटो काढला.

५. सूर्य बुडाल्यावर मी मागच्या बसमध्ये चढले. आई तिथे नव्हती. चालक म्हणाला, कोणीच आले नाही. मी श्री. गावंडे यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, घड्याळाकडे पाहिले. मग मी धावले. नईम माझ्या मागे. फाटक बंद करायला आलेल्या पहारेकऱ्याला ढकलून आम्ही आत गेलो.

भरती आली होती. लाकडी वाटेवर पाणी चढले होते. आई बाकावर बसलेली होती, पाय खाली, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, चपला मांडीवर. तिच्या शेजारी शिंपल्या गोळा करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या, लीलाबाई. त्या घरी निघाल्या होत्या. त्यांनी आईला उठा म्हटले, पाणी वाढतेय म्हटले, हात धरून ओढलेसुद्धा. आई उठेना. म्हणाली, "मी हलली तं मायी लेक मले कुठं शोधन?" तेव्हा लीलाबाईही तिथेच थांबल्या. ज्या बाईने तिला कधी पाहिले नव्हते ती थांबली, आणि ज्याच्यावर जबाबदारी होती तो सूर्यास्ताला गेला.

मला पाहून आई म्हणाली, "मैं यहींच बैठी थी. हिली नहीं." शाब्बासकी मागावी तशी म्हणाली.

६. बसमध्ये आल्यावर श्री. गावंडे यांनी माइक घेतला आणि जाहीर केले, "आपल्या चाची भटकल्या होत्या, भेटल्या. टाळ्या होऊन जाऊ द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई थंडीने कापत होती आणि ज्यांच्या टाळ्या वाजत होत्या त्यांच्याकडे पाहून कसनुशी हसत होती, जणू चूक तिचीच होती. पहिल्या अर्जात मी हे लिहिले नव्हते. खरे तर हेच लिहायला हवे होते. पाण्याचे मी कदाचित विसरेन. टाळ्यांचे नाही.

७. रात्रीतून ताप चढला. सकाळी बस परत निघाली. आईने समुद्र पाहिला नाही. आता ती घराबाहेर एकटी कुठे बसत नाही. दवाखान्यात, बसस्थानकावर, शेजारच्या घरीसुद्धा माझ्या ओढणीचे टोक मुठीत धरून बसते. मी उठले की तीही उठते. मोर्शीच्या बागांत अंधारातून एकटी चालत जाणारी ती बाई होती.

८. आपल्या उत्तरातील "स्वतःच्या इच्छेने" हे शब्द मी तिला वाचून दाखवले नाहीत. नईमला दाखवले. तो भांडणाला भिणारा माणूस आहे. म्हणाला, "जाऊ दे नगमा, आई भेटली ना." मीही जाऊ देणार होते. पण त्यानंतर संस्थेने नांदगाव पेठच्या थांब्यावर नव्या सहलीचा फलक लावला. त्यावर तोच फोटो आहे. मी, अफिफा, लाटा. मी हसत आहे. खाली लिहिले आहे, "आपल्या माणसांसोबत आनंदाचे क्षण". मी कापड कारखान्यात शिलाई विभागात पर्यवेक्षक आहे. कामावर जाताना रोज त्या फलकासमोर रिक्षाची वाट पाहते. विभागातल्या बायका म्हणतात, मॅडम किती छान हसल्या. त्या वेळी माझ्या आईच्या घोट्याला पाणी लागले होते.

९. आता आपण तिचा सत्कार करू म्हणता, तोही श्री. गावंडे यांच्या हस्ते. महोदय, ती शाल माझ्या घरात येणार नाही.

१०. माझ्या मनात सूड आहे, हे मी लपवत नाही. अर्जात असे लिहू नये असे नईम म्हणतो. पण मला न्याय हवा असे लिहिले, तर आपण पुन्हा एक उत्तर पाठवाल. म्हणून खरे ते लिहिले. माझ्या मागण्या अशा :

(अ) संस्थेच्या वार्षिक सभेत, माइकवर, श्री. गावंडे यांनी त्यांच्याच बोलीत सांगावे, की चाची भटकल्या नव्हत्या, मी त्यांना बसवून गेलो आणि त्यांच्या लेकीशी खोटे बोललो. त्यानंतर कोणालाही टाळ्या वाजवू देऊ नयेत. शांतता त्यांनी उभे राहून ऐकावी.

(आ) फलक काढू नये. "आनंदाचे क्षण" याच्या खाली त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे, की या वेळी या बाईची आई कुठे होती.

(इ) श्री. गावंडे यांना कामावरून काढू नये. काढले तर ते दुसऱ्या संस्थेत जातील आणि वर्षभरात सगळे विसरतील. त्यांना ठेवावे, आणि यापुढे प्रत्येक निसर्गवाटेवर त्यांनी सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या मागे चालावे. पुढे जाऊ नये, घड्याळ पाहू नये, कोणाला बसा म्हणू नये.

११. याच संबंधात मी मागच्या आठवड्यात श्री. गावंडे यांच्या घरी गेले होते. ते घरी नव्हते, आणि नसताना जावे म्हणूनच गेले होते. त्यांच्या आई पार्बताबाई होत्या. मी त्यांना वर लिहिलेले सर्व सांगितले, टाळ्यांसकट. मी त्यांना दुखवायलाच गेले होते आणि त्या दुखावल्या, हे मला दिसले. मला वाटले होते तेवढे बरे वाटले नाही. शेवटी म्हणाल्या, "इतके वर्स झाले लोकायले फिरवून राहिला. मले एक डाव नाही नेलं. म्हणे तुह्याच्यानं चालनं होत नाही." मग चहा ठेवला आणि विचारले, "संस्थेची सहल आता कुठं चालली?" मी सांगितले, सेमाडोहला, जंगलातल्या निसर्गवाटेवर.

पार्बताबाईंनी त्या सहलीत नाव नोंदवले आहे. आपल्या कार्यालयात पाहावे. मुलाला त्यांनी सांगितलेले नाही. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, हातात काठी असते, आणि चहाची कपबशी स्वयंपाकघरातून ओसरीवर आणताना त्या दोनदा टेकल्या. माझ्या आईपेक्षा त्या फार हळू चालतात.

तरी मागणी (इ) सेमाडोहपासूनच लागू करावी. माझेही नाव त्याच सहलीत घ्यावे. माझी आई येणार नाही. मी पार्बताबाईंचा हात धरून चालेन आणि त्यांना प्रत्येक झाडाखाली बसू देईन.

सूड संपेपर्यंत आपली नम्र,
सौ. नगमा नईम शेख

नांदगाव पेठ
दि. ९ फेब्रुवारी

सोबत : पियुषचा जबाब. पार्बताबाईंच्या नावनोंदणीची पावती, त्यांच्या संमतीने.