दादाचं काळं नख

स्मोला, ३ मार्च १९७४

चि. सिग्ने हिस, अनेक आशीर्वाद.

हे पत्र कोंबडीने लिहिल्यासारखं दिसेल, पण मीच आहे, डाव्या हाताने. जन्मभर शाळेत पोरांच्या अक्षराला नावं ठेवली, त्याची फेड झाली. काल सरपणाच्या पेटीचं झाकण उजव्या हातावर आदळलं. बिजागरी मीच दुरुस्त केली होती आणि साऱ्या बेटाला दाखवूनही झाली होती, त्यामुळे शिव्या द्यायला दुसरं कुणी नाही. अनामिकेचं नख जांभळं पडून ठणकतंय. गार पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसलोय. आमच्या मेहुण्यांना, हाल्वररावांना सांगू नकोस, हसतील.

अक्षर लागलं नाही तरी माया आटू देऊ नये.

तुझा दादा,
ऐलर्ट

बर्गन, ७ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

हाल्वरला पत्र वाचून दाखवलंच. तो पोट धरून हसला, मीही हसले, मग मात्र लगेच लिहायला बसले. बादलीत किती वेळ बसणार आहेस? हात उशीवर उंच ठेव. स्वतः सुई घेऊन टोचत बसू नकोस, मी ओळखते तुला. नर्सबाईंना दाखव. आणि बोट सुजायच्या आत लग्नाची अंगठी काढ. रग्नावहिनी गेल्यापासून तू तिला हात लावू देत नाहीस, ठाऊक आहे मला. तरी काढ.

रागावलास तरी चालेल, पण लिही.

तुझी,
सिग्ने

स्मोला, १३ मार्च

चि. सिग्ने हिस, अ. आ.

तुझा सल्ला उत्तम, पण बोट टपालासाठी थांबलं नाही. ते टम्म फुगलं आणि अंगठी आत रुतली. साबण झाला, लोणी झालं. शेवटी गुरो नर्सबाईंकडे गेलो. त्यांनी सरळ विचारलं, की अंगठी ठेवायची आहे का बोट. विचार करून सांगतो म्हटलं, तर म्हणाल्या की खुशाल करा, तोवर मी पक्कड आणते.

अंगठी कापली. मग सुई लाल तापवून नखाला भोक पाडलं. काळं रक्त उडालं ते थेट माझ्या शर्टावर, आणि ठणका तिथल्या तिथे थांबला. नेमकं तेव्हाच मला रडू कोसळलं. दुखणं थांबल्यावर रडणारा पेशंट बाईंनी पहिलाच पाहिला म्हणे. सुईची भीती जरा उशिरा वाटली, असं मी सांगून टाकलं. बाहेर बसलेल्यांनी ते ऐकलं. आता बेटभर मी सुईला भिऊन रडलेला मास्तर!

खरं फक्त तुला सांगतो. अंगठीखालची कातडी लहान मुलासारखी पांढरी, मऊ निघाली. लग्नापासून तिला ऊन लागलं नव्हतं. रग्ना दुसऱ्यांदा गेली असं वाटलं गं.

हे हाल्वररावांना वाचून दाखवलंस तरी चालेल. दोघांचा लोभ आहे, म्हणून तर इतकं लिहवतं.

ऐलर्ट

बर्गन, १८ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

सुईपर्यंत हाल्वर हसत होता. पुढचं वाचलं तसा जेवणावरून उठला आणि नळाखाली हात धरून उभा राहिला. काय झालं विचारलं, तर म्हणाला, अंगठी निघते का बघतोय. निघेना. साबण लावूनही निघेना. मग माझी ओढून पाहिली, तीही सांध्याशी अडली. इतका खूश झाला, की ताटातले मासे गार झाले तरी त्याला शुद्ध नाही.

नंतर ते गार मासेच संपवले. मग म्हणाला, दादांना ईस्टरला इकडे आणू या. लिहिते म्हटलं, तर म्हणाला, लिही, पण टपालात टाकू नकोस.

शनिवारच्या बोटीने तो निघतोय. हे पत्र त्याच्याच खिशातून तुझ्या हातात पडेल. बॅग भर. बाकीचा लोभ समोरासमोर.

तुझी,
सिग्ने