दार नसलेल्या घरातून

प्रिय माऊ,

पत्र बघून दचकू नकोस. फोन करता आला असता, पण तुमच्याकडे फोन आधी भिंगरी उचलते, आणि नातीचा आवाज ऐकला की मला खरं बोलवत नाही. तुझी तब्येत कशी आहे? आता आठवा लागला, जड काही उचलू नकोस. जावईबापूंना म्हणावं, बादल्या तुम्ही उचला, नुसता लॅपटॉप उचलून दंड भरत नाहीत.

दर रविवारी तू विचारतेस, दार बसलं का, आणि मी म्हणते, बसलं, छान बसलं. माऊ, दार बसलेलं नाही. घराला दारच नाही. जुनं दार सुतार मापासाठी म्हणून काढून घेऊन गेला. त्या जागी प्लायवूडचा एक तुकडा लटकवला आणि आतून कडीऐवजी तार गुंडाळली. संध्याकाळपर्यंत भागवा म्हणाला, त्याला आता महिना होत आला. फटीतून मला रस्ता दिसतो, म्हणजे रस्त्यालाही मी दिसत असणार. शिलाई मशीन ओढून मी त्या प्लायला टेकवून ठेवलंय. गिऱ्हाइकांना सांगते, इथे उजेड चांगला येतो. दुसऱ्या सुताराला बोलावून पाहिलं, तर उखडलेली चौकट बघून तोही निम्मे पैसे आधी मागतो. ते कुठून आणू? तुझ्या बाळंतपणाच्या पैशांना हात लावायचा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिला सुतार गोड बोलणारा होता, हीच तर पंचाईत झाली. आल्या आल्या ताई म्हणाला, तुझ्या बाबांच्या फोटोसमोर क्षणभर थांबला. मग काय, चहा घेताना त्याने न विचारलेलंही मी सांगून टाकलं. एकटीच असते, मुलगी लांब, सुट्टी लागली की शनिवारी नात येणार, ती मांजरामागे थेट रस्त्यावर पळते, म्हणून दार भक्कम हवं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं तुझे बाबा म्हणायचे आणि मी फुगून बसायचे.

निम्मी रक्कम त्याने आधी मागितली. रोख नको, खात्यात टाका, म्हणजे सगळं कसं स्वच्छ. आणि कारणाच्या रकान्यात ‘नातेवाइकाला मदत’ लिहा, नाहीतर बँकवाले उगाच चौकशा करतात. भाऊच आहे की मी तुमचा. मी बावळटासारखं लिहिलं. तो गायब झाल्यावर बँकेत गेले, तर तिथल्या मुलीने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. पैसे तुम्हीच पाठवलेत, तेही नातेवाइकाला, आम्ही ते परत कसे आणणार? पण पोरगी भली होती. काउंटरच्या बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली आणि त्याचे फोनवरचे निरोप वाचू लागली. त्यात त्याचंच वाक्य सापडलं, ‘ॲडव्हान्स मिळाला ताई, उद्यापासून दाराचं काम सुरू.’ हे घेऊन ग्राहक तक्रार कार्यालयात जा, म्हणाली. गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते दोनदा वाचलं, त्याला नोटीस काढली आणि मला सोमवारी सुनावणीला बोलावलं. पैसे परत देण्याचा हुकूम निघेल म्हणाले. त्या दिवशी घरी येताना मी वाटेत एकटीच हसत होते.

नोटीस पोचली आणि त्याचा फोन आला. तो ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते, तू ओळखतेस मला. पण तो हळू बोलला. तक्रार मागे घ्या, काम समाधानकारक झालं अशा कागदावर सही करा, विषय संपेल. मी नाही म्हटलं. तर म्हणाला, विचार करा ताई, घराला दार नाही तुमच्या.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी त्याचा टेम्पो समोर उभा. उतरला नाही, काच खाली करून सिगारेट ओढत बसला. मी एकाच पॅन्टची शिवण घातली, उसवली, परत घातली. पोलीस चौकीत गेले, तर रस्त्यावर गाडी उभी करणं हा काही गुन्हा नाही म्हणे. माझी पाचावर धारण बसली आहे, माऊ. आंघोळीला गेले तरी मध्येच नळ बंद करून कानोसा घेते. प्लाय वाऱ्याने हलला तरी कात्री घेऊन उठते.

काल परत फोन आला. या वेळी कागदाचं, पैशांचं काहीच नाही. नात शनिवारीच येणार ना, एवढं विचारलं आणि ठेवला.

म्हणून हे पत्र कुरियरने पाठवतेय. भिंगरीला पाठवू नकोस. तिच्या आत्याकडे ठेव, रडली तर रडू दे, आजीला खोकला झालाय म्हणून सांग. तूही धावत येऊ नकोस. मी एकटी असले तर सोमवारी सुनावणीला जाईन आणि त्याच्यासमोर बसून सगळं सांगेन. पण ती या घरात असली, तर तो म्हणेल तिथे सही करून देईन. हे मला माहीत आहे, आणि त्यालाही कळलंय.

तुझीच,
घाबरट आई