मोरणी तुमच्याच दारात का थांबते?

सोनगीर,
माघ, १९८८

तीर्थरूप आधारमामांस,

भाचा भाईदास याचा दंडवत. (कंबर धरली असल्यामुळे तो उभ्याउभ्याच घातला आहे, गोड मानून घ्यावा.) आम्ही सगळे बरे आहोत. मामींचा खोकला कसा आहे? हरभऱ्याला घाटे धरले असतील. तुमच्या कुंदाचीही खुशाली कळवावी. सगळ्यांची विचारली म्हणून तिचीही विचारली, दुसरं काही नाही.

पत्रास कारण तुमची घोडी. सारंगखेड्याच्या यात्रेतून तुम्ही मोरणी आणलीत, महिनाभर दारात बांधलीत आणि मग माझ्याकडे धाडलीत, की भाच्यानं वरातीत गोणीसारखं बसू नये, लगाम स्वतःच्या हातात धरावा. उपकार आहेत. पण मामा, मी भांड्यांच्या दुकानात बसणारा माणूस, घागरसुद्धा वाजवून घेतो. दोन वर्षांपूर्वी तुम्ही कुंदासाठी माझा विषय काढलात आणि तुमच्या मेहुण्यांनी, म्हणजे आमच्या नानांनी, तो मोडून काढला (का, तर तुमच्या घरच्या लग्नात त्यांना फेटा सगळ्यांच्या शेवटी बांधला). आता चाळीसगावचं स्थळ ठरत आलंय, येत्या गुरुवारी सुपारी फुटायची आहे, आणि नेमकं आत्ताच तुम्हांला माझ्या वरातीचं एवढं प्रेम आलं. मी संशय घेत नाही. नुसतं लक्षात आणून देतो.

तुम्ही सांगितलं होतं, रोज आपल्या हातानं गूळ-भाकरी घाल, डाव्या अंगानं जा, बोलत राहा, म्हणजे घोडी जीव लावते. गूळ मी घातला. तिनं तो खाल्ला आणि खोटं नाणं पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. बोलायला काही सुचेना, म्हणून तिला पितळ कसं महागलंय ते सांगितलं, तर तिनं कान मागे पाडले. पहिल्यांदा बसलो तेव्हा लगाम इतका घट्ट धरला, की ती पुढे जायच्या ऐवजी मागे मागे जात तांबट आळीत शिरली. तिथे हातोड्यांचा दणदणाट. ती उधळली आणि मी नव्या परातींच्या चळतीवर उतरलो. नाना ओट्यावरून ओरडले, "पोऱ्या घोडीवर बठना, का घोडी पोऱ्यावर?" सगळी आळी हसली. (घोडीसुद्धा. मी पाहिलंय.)

पण खरी शंका पुढेच आहे. गाव सुटलं की मोरणी महामार्ग ओलांडते आणि थेट तुमच्या गावची वाट धरते. मी ओढतो, ती मान ताठ करते. तुमच्या दारात पोचली की खुंटा रोवल्यासारखी उभी. तुम्ही मळ्यात असता, मामी आत असतात, आणि कुंदा बादली घेऊन बाहेर येते. माझ्याकडे बघत नाही. घोडीलाच विचारते, "उनी का व मोरणी? आन हाऊ कोन शे, तुनासंगे?" मी कोण हे तिला लहानपणापासून माहीत आहे, मामा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "ती तुले वळखत नही, पन वाट बराबर वळखस." म्हणजे वरातीच्या दिवशी चाळीसगावकर मांडवात बसलेले असतील आणि मी बाशिंग बांधून, बँडवाल्यांसकट, तुमच्या अंगणात! हा बेत तुमचा नसेल तर मोरणीचा असेल, पण बेत आहे.

मधे एकदा महामार्गावर एका ट्रकनं कानाशी भोंगा वाजवला. मी लगाम सोडून दोन्ही हातांनी तिची मान धरली आणि डोळे मिटले. ती थरथरत होती, पण जागची हलली नाही. मीही थरथरत होतो. कोण कोणाला धीर देत होतं, देव जाणे. त्या दिवसापासून ती माझ्या खिशात नाक घालते आणि मला ते आवडतं. पण आवडलं म्हणून सावधपणा सोडता येत नाही. तरी आपली घोडी गुरुवारच्या आत घेऊन जावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक आणि सावध भाचा,
भाईदास

ता. क. : घोडी न्यायला येऊ नका. काल मोरणीची परीक्षा घ्यावी म्हणून तिला धुळ्याच्या बाजूला वळवली. निमूट वळली. थांब म्हटलं, थांबली. आता ती माझं सगळं ऐकते, टाच लावावी लागत नाही, नुसतं मनात आणलं तरी कळतं. आणि मामा, तरीही आम्ही संध्याकाळी तुमच्याच दारात पोचलो. लगाम माझ्या हातात होता. तेव्हा घोडीवरचा आणि तुमच्यावरचा संशय मी मागे घेतो. तुम्ही गुरुवारच्या आत एक चांगला फेटा घेऊन या आणि सगळ्यांच्या देखत तो पहिला नानांना बांधा. चाळीसगावला नकार कळवायला ते एका पायावर तयार होतील. माझं ते ऐकत नाहीत, फेट्याचं ऐकतील.

पुन्हा ता. क. : निघण्याआधी कुंदाला एक विचारा. बादली घेऊन ती दारात येते, ती घोडीसाठी की माझ्यासाठी? मला याची फार भीती वाटते. घोडीसाठी येत असेल, तर फेटा आणू नका. मोरणीला मीच आणून सोडीन आणि परत पायी येईन.