नववी कुणी बघत नाही

११ सप्टेंबर
लेकीच्या कॉलेजचा फॉर्म आणला. पहिल्याच पानावर : नववी ते बारावी, चारही वर्षांच्या गुणपत्रिका जोडाव्यात. नववी! तीन वर्षांपूर्वी ती गणितात एकेचाळीस मार्क घेऊन रडत घरी आली, तेव्हा मीच म्हणालो होतो, रडतेस काय, नववी कुणी बघत नाही. वर आइसक्रीम खायला नेलं होतं.
घाबरलो नाही. आधी चौकशी, मग घाबरणं. हा माझा नियम.

१२ सप्टेंबर
नियम मोडला. माझ्या चष्म्यांच्या दुकानात एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. तासाभरात परत आले. म्हणाले, पायऱ्या माझ्याआधी उतरतात.

१४ सप्टेंबर, सकाळी ११
कॉलेजला फोन केला. हात थरथरत होता. फोन व्हायब्रेटवर असेल. पलीकडच्या बाई म्हणाल्या, नववीला वेटेज दहा टक्के, दहावीला वीस, अकरावीला तीस, बारावीच्या सहामाहीला चाळीस. आधी घसरून मग चढत गेलेली मुलं तर आम्हाला आवडतातच.
आमची तशीच! गणितात एकेचाळीस, अठ्ठावन्न, चौऱ्याहत्तर. नववीत खाली नसती, तर चढली कुठून असती? नीट पाहिलं तर श्रेय माझंच.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, मग आता गप्प बसा.

१५ सप्टेंबर
गप्प बसायचा संकल्प. पण चाळीस टक्के! आणि सहामाहीला पाचच आठवडे! तिच्या टेबलासमोर मार्कांचा आलेख चिकटवला. शेवटचा ठिपका लाल, पंच्याण्णववर. तिनं पाहिला आणि खुर्ची उलटी फिरवून बसली. भारावली असावी.

२३ सप्टेंबर, पहाटे ५
उठवलं.
५.१० : पुन्हा उठवलं.
५.२५ : गणित सुटलं का विचारलं. म्हणाली, बाबा, वही तरी उघडू द्या.

७ ऑक्टोबर
आज तिच्या खोलीत फक्त नऊ वेळा गेलो. दूध, सफरचंद, पंखा लावणे, पंखा बंद करणे वगैरे. एकदा कारणच सुचेना म्हणून खिडकी उघडली. ती लावायला पुन्हा गेलो, ते धरलेलं नाही. तिची पेन्सिल थांबते तेव्हा मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजतो. तिला दाखवत नाही. मी शांत असलो की घर शांत राहतं.

२१ ऑक्टोबर
गणिताचा पेपर. शाळेच्या फाटकाशी तीन तास उभा. ती खिडकीजवळ बसलेली दिसली. धीर यावा म्हणून मी दोन्ही अंगठे वर केले. दर दहा मिनिटांनी.

५ नोव्हेंबर
गणित : एकोणपन्नास.
चष्मा पुसून पाहिलं. एकोणपन्नास. पेपर तपासणाऱ्याची चूक असणार. बायको म्हणाली, चूक झालीच आहे, पण त्याची नाही. हिला काय म्हणायचंय कोण जाणे.
या वेळी लेक रडली नाही. रडली असती तर काहीतरी म्हणता आलं असतं. दुकान उघडलंच नाही. लोकांचे डोळे कशाला धोक्यात घाला?

२४ नोव्हेंबर
मुलाखत. पालकांनी बाहेर बसावं, अशी पाटी. बसलो नाही, येरझाऱ्या घातल्या. शिपाई म्हणाला, काका, फरशी झिजेल.
ती बाहेर आली. मी म्हटलं, नववीचं काय विचारलं? म्हणाली, एकच प्रश्न. शाळा नवी होती म्हटलं, झालं. मग अर्धा तास काय विचारत होते? म्हणाली, चढत आलेली मुलगी आत्ताच का घसरली, ते. तू काय सांगितलंस? म्हणाली, घरी एक जण आजारी आहे.
कोण, मी विचारलं.
तुम्ही, म्हणाली. आणि मी खोटं बोलले नाही.


१५ डिसेंबर
निकाल आला. प्रतीक्षा यादी, क्रमांक सतरा. वार्षिक परीक्षेचे मार्क पाहून अंतिम निर्णय. मी खुर्चीत बसलो तो उठताच येईना. तिनंच मला पाणी आणून दिलं. मग म्हणाली, बाबा, वार्षिक होईपर्यंत माझ्या खोलीत कुणी यायचं नाही. कुणी म्हणजे कोण, हे विचारणार होतो. बायकोकडे पाहिलं आणि विचारलं नाही.

१६ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०
आज एकदाही आत गेलो नाही! दार बंद होतं, बाहेर नुसता उभा राहिलो. श्वाससुद्धा हळू. आतून आवाज आला, बाबा, दाराखालून पाय दिसतायत.