फरशी न फोडता

सोम. ४ जाने. १९८२
सकाळी बाबा संडासात पडता पडता वाचले. बसले आणि कमोड हलला, पडायला आलेल्या दातासारखा. खाली कमोडला फरशीशी धरून ठेवणारी लोखंडी चकती असते, फ्लँज म्हणतात, ती दोन ठिकाणी तुटली आहे. पाणी झिरपतं, वास येतो. दिवाळीत खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना उकिडवं बसता येत नाही. घरमालकांच्या एवढ्या कटकटीत हे घर सोडलं नाही ते ह्या कमोडपायी, आणि नेमका तोच दगा देऊन राहिला.
मेडिकल हॉस्पिटलात ड्यूटीवर उशीर. मेट्रननं विचारलं, काहीतरी थाप मारली.

मंगळ. ५
वर घरमालकांकडे गेले. (पुढं नुसतं घ.मा. लिहीन. अख्खं लिहायची त्यांची लायकी नाही.) म्हणाले, इंग्रजांच्या जमान्याचा माल आहे, काढून टाका. मग वडिलांनी जायचं कुठं? तर म्हणे, "मागं नोकरांचा संडास आहे की, सिस्टर." पंचाहत्तरीचा माणूस, खुब्यात स्क्रू, अंगण ओलांडून तिथं जाऊन उकिडवा बसेल! वरून दम, की बाथरूमची एक जरी फरशी फुटली तर घराचं नुकसान केलं म्हणून कोर्टात ओढू, घर खाली करावं लागेल. ह्यांना इथं फ्लॅट उठवायचेत हे रामदासपेठेतल्या कुत्र्यालाही माहीत आहे.
नोकरांच्या संडासाचं मी बाबांना सांगणार नव्हते. पण त्यांनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं.
"छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून कोणाच्या मागच्या दारानं गेलो नाई मी. आता पाय मोडला म्हणून जाऊ काय वं?"

बुध. ६
दोन प्लंबर आले, दोघंही गेले. पहिला म्हणे फरशी फोडल्याबिगर काम होत नाही. दुसरा काम पाहून हो म्हणाला, मग जिन्यात घ.मा. भेटले, आणि तो पाना पिशवीत घालून चालता झाला.
शेवटी बेडपॅन. बाबा भिंतीकडे तोंड करून. वीस वर्षं परक्यांचे उचलले, कधी काही वाटलं नाही. आज वाटलं, कारण त्यांना लाज वाटत होती. रिकामा करायला मागं जावं लागतं, घ.मा.च्या व्हरांड्यासमोरून. ते चहा पीत बसले होते. मी मान वर करून गेले आणि तशीच परत आले.

शुक्र. ८
धनराज आला. बाबांच्या जुन्या दोस्ताचा मुलगा, हिंगण्याला कारखान्यात फिटर आहे. जयभीम झाला, चहा झाला. मग मी आणि त्यानं मिळून कमोड उचलून बाजूला ठेवला. धनराज पालथा पडून टॉर्चनं पाहत राहिला. म्हणाला, स्क्रू गंजून गेले, ताई, रोज रॉकेल सोडा, ठोकाठोकी नको. ही चकती इतवारीच्या बाजारात शोधून मिळणार नाही, माप द्या, ओळखीच्या लेथवर करून आणतो. पण तुकडे सरकलेले, पाइपाचं तोंड वाकडं, फुटपट्टी लागेच ना.
मी म्हटलं, माप कशाला? साचाच देते.

शनि. ९
मेडिकलमधून प्लॅस्टरच्या पट्ट्या आणल्या. चकतीचे तुकडे जागेवर जुळवले, पाइपाच्या तोंडावरून पट्ट्या चढवल्या, वाळू दिल्या, अलगद काढलं. मोडलेल्या पायाचं करतो तसंच. धनराज हसून हसून दोहरा झाला, पण साचा सुपात घालून नेला.
रात्री आलू-वांग्याची भाजी, बाबांची आवडती. अर्धी भाकर खाल्ली. "भूक नाई."

सोम. ११
आज चतकोर. पाणी घोटभर. जीभ कोरडी, लघवी पिवळी जर्द.
मी नर्स! आणि मला पाच दिवस लागले समजायला. खाल्लं की जावं लागतं, म्हणून खात नाहीत. विचारलं तर लपवलंही नाही.
"अंदर काही गेलंच नाई तं बाहेर काय येईन?"
भांडले. रडले पण, त्यांच्यासमोर. ते म्हणाले, तू बेडपॅन उचलतेस त्याचं नाही, तो वरचा बघत बसतो त्याचं आहे. धनराजला निरोप धाडला, लवकर कर रे.

बुध. १३
चकती आली. देखणी केली होती. बसेना! चारी बाजूंनी फरशीवर चढते, भोकंही जुळत नाहीत. धनराज म्हणे साच्याबरहुकूमच केली. साचा उलटा करून पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. आतून कापूस. प्लॅस्टरच्या खाली कापूस, वीस वर्षांची सवय, चामडीला लागू नये म्हणून. लोखंडाला कुठली आली चामडी?
धनराज म्हणाला, चार फरशा बोटभर कापून टाकू ताई, कमोडाखाली कोण पाहते. मी नाही म्हटलं. त्याला वाटलं मी भ्याले. भ्याले बिले नाही. त्या माणसाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, बस्स. नवा साचा केला, बिनकापसाचा.
बाबांनी खाटेवरून सगळं ऐकलं. "कापूस घातला काय वं? लोखंडाले दुखन म्हणून?" आठ दिवसांत पहिल्यांदा हसले. अर्धा पेला ताक घेतलं.

शनि. १६
बसली!
रॉकेलनं मुरलेले तीन स्क्रू निमूट निघाले. चौथा फरशीचा टवका घेऊन वर आला, नखाएवढा. ती जागा चकतीखाली गेली, दिसत नाही. सांध्याला सुतळी, सफेदा, वर कमोड. नट मी स्वतः आवळले. धनराजनं वर बसून डोलून पाहिलं, कमोड तसूभर हलला नाही.
मग बाबा वॉकर घेऊन गेले, कडी लावली. आम्ही दोघं बाहेर उभे, आतून पाणी सोडल्याचा आवाज येईपर्यंत. बाहेर आले आणि विचारलं, वरण-भात आहे काय?
टवक्याचं त्यांना सांगितलं. म्हणाले, "कोणी विचारलं तं खरं सांगजो. खोटं बोलून नाई राहाचं ह्या घरात."

सोम. १८
घ.मा. आले, वकील घेऊन. फरशा तपासायच्या म्हणे. एक एक मोजली, धड निघाली. मग म्हणतात, कमोड उचलून दाखवा. मी ठरवलं, आता सांगून टाकायचं, नखाएवढा टवका उडाला, आणि ही दुरुस्ती आम्हालाच काहून करावी लागली तेही सांगायचं. तोंड उघडणार तेवढ्यात बाबा खाटेवरून उठले. पेपर काखेत, वॉकर टक टक, दोघांच्या मधून आत गेले. कडी लावली.
घ.मा.नी विचारलं, किती वेळ लागेल?
आतून उत्तर आलं, "पाय मोडला हाय, साहेब. टाइम लागते."
पाऊण तास झाला. खुर्च्या दिल्या, चहा दिला. वकिलानं घेतला. घ.मा.नी नाही घेतला, कधीच घेत नाहीत आमच्याकडे. बसून आहेत. मी स्वयंपाकघरात हे लिहून राहिली आहे. उचलायचं झालं तर मीच उचलून दाखवीन आणि सांगेन, पण बाबा उठल्यावर.
आत्ता हाक आली. "कुसुम, आज माह्या तीन भाकरी टाक वं."
पिठाचा डबा काढते.