धुराच्या वासाची पेटी

गोंदिया, मंगळवार, ९ फेब्रुवारी १९३७

तीर्थरूप खेमराजमामा यांच्या पायांवर भाचा टेकचंद डोके ठेवतो. मामींनाही नमस्कार, पण हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये. का ते पुढे कळेलच. आपला गुडघा कसा आहे? आमगावला थंडी ओसरली असेल, तरी भट्टीसमोरून उठून एकदम वाऱ्यात जाऊ नये. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे प्रकृतीने.

चुन्नीलाल शेटांनी मला विलायती दारूच्या दुकानात का ठेवले, हे आपल्याला माहीत आहे. "तू पीता नहीं, इसलिए रखा है," असे ते गिऱ्हाइकांसमोरही सांगतात. (मोहाच्या भट्टीवाल्याचा भाचा असून मी थेंब घेत नाही, याचे त्यांना अजून नवल वाटते.) पण न पिणाऱ्याने माल ओळखावा कसा? सुरुवातीला मी बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. शेट म्हणाले, "ये क्या स्कूल की कवायद है?" मग मी गोंदियाच्या रीतीने चौकशी केली. इथे तांदूळ घेणारा आधी वाण विचारतो. तसेच व्हिस्कीचेही असणार (हा शब्द बाटलीवरून शेटांकडून दोनदा वाचून घेऊन लिहिला आहे), असे मला वाटले आणि ते खरे निघाले. अमेरिकेची मक्याची, ती आतून जाळलेल्या नव्या पिंपात ठेवतात, म्हणून गोडसर वास येतो. आयर्लंडची जवाची, पण बहुधा तीन वेळा उकळून काढलेली, म्हणून मऊ. स्कॉटलंडचीही जवाची, पण तिथे दर खोऱ्याची तऱ्हा वेगळी. शेटांच्या फळीवर तांदळाची मात्र एकही नाही. आपल्या धानाच्या मुलखातल्या माणसाला हे जरा लागते.

गेल्या गुरुवारी पुलाच्या साहेबांनी मागवलेली व्हिस्कीची पेटी आली. (हे रेल्वेचे पूल तपासतात, दुकानाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक.) शेट नागपूरला गेले होते आणि शनिवारी साहेबांच्या बंगल्यावर पाहुण्यांचे जेवण होते. पेटी उघडली तर एका बाटलीचे बूच झिरपलेले. मी वास घेतला. नुसता धूर, आणि त्यावर थोडे दवाखान्याचे औषध. मामा, असा वास कधी येतो हे मला कोणी सांगायला नको. हंडीतली मोहफुले बुडाला लागली की येतो. आपल्या भट्टीवरच्या बकारामच्या हातून हंडी लागली होती तेव्हा आपण "काऊन रे, झोपून राहिला होतास का?" म्हणत अख्खी हंडी नाल्यात ओतली, पण करपलेला माल गावात जाऊ दिला नाही. मी आपलाच भाचा. मी पेटी कुलपात ठेवली आणि साहेबांकडे तितक्याच मक्याच्या बाटल्या पाठवल्या. सोबत हिंदीत सुवाच्य चिठ्ठी दिली, की आपला माल जळका आला आहे, भट्टीवाला झोपला असावा, तरी दुकानाच्या अब्रूसाठी चांगला माल पाठवत आहे.

रविवारी सकाळी साहेब स्वतः रुळांवरच्या ट्रॉलीवरून आले. शेटही परतले होते. साहेबांनी चिठ्ठी शेटांच्या पुढ्यात ठेवली आणि मला विचारले, "कौन सोया था?"

मी म्हणालो, "हुजूर, आपका भट्टीवाला."

शेटांनी डोळे मिटून घेतले. मग कळले की साहेबांच्या स्कॉटलंडातल्या बेटावर सरपण कमी. तिथे दलदलीतली जुनी माती गोवऱ्यांसारखी कापून वाळवतात आणि मोड आलेले जव तिच्याच धुरावर सुकवतात. धूर हाच त्या दारूचा मान. (स्कॉटलंडातच दुसरीकडे बिनधुराची करतात; तिचा विषय निघाला की साहेब तोंड वाकडे करतात.) मी विचारले, धूर जाणूनबुजून? साहेब म्हणाले, "जानबूझकर. बाप-दादा से." यावर मी गप्प बसायला हवे होते. पण आमच्या आमगावात असा माल नाल्यात ओततात, एवढे मी बोलून गेलो. शेटांनी मला चिमटा काढला. साहेबांनी एक अट घातली आणि ते गेले. शेट म्हणाले, "साहब का खाता गया तो तू भी गया. अगले इतवार तक."

ती अट मोठ्या माणसाला पत्राच्या अंगात लिहिण्यासारखी नाही, म्हणून खाली लिहितो. गुडघ्याला तेल लावत जावे.

आपल्या शब्दाबाहेर नसलेला,
टेकचंद

ता. क. साहेबांना मोहाची करपलेली दारू चाखायची आहे. एक बाटली, येत्या रविवारपर्यंत. तरी आपण कृपा करून एक हंडी बुडाला लावावी. लहान चालेल. जाळ वाढवून जेवायला बसलात तरी होईल. फक्त मामींना कळू देऊ नये. त्या वासावरून ओळखतील आणि विनाकारण बकारामला धरतील.

दुसरा ता. क. आपल्या नावाची काळजी करू नये. माल शेजारच्या हिरालालच्या भट्टीचा, असे मी साहेबांना सांगेन. (खरोखर त्याचाच घेतला असता, त्याची हंडी नेहमीच लागते, पण तो पाणी घालतो.)

तिसरा ता. क. साहेबांना आवडली, तर मात्र आपलीच म्हणून सांगेन. मग दर महिन्याला एक हंडी लावावी लागेल.